जुनी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग

इतिहास म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात, तह येतात, राज्याभिषेक येतात. यंत्रे त्यात आलीच तर त्यांच्या जन्माची कथा येते. वाफेचे इंजिन कोणी काढले, आगगाडी पहिल्यांदा कोठून कोठे धावली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सनावळीसह दिलेले असते. पण जन्मलेले यंत्र पुढे चाळीस-पन्नास वर्षे कसे जगले, त्याचे आजारपण कोणी काढले, त्याचा झिजलेला दात कोणी बसवला, याची बखर सहसा कोणी लिहीत नाही. त्या न लिहिलेल्या बखरीतले एक प्रकरण आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे.

प्रश्न अगदी साधा आहे. यंत्र धडधाकट आहे, रोज काम देते आहे. पण ज्या कारखान्याने ते घडवले त्याने त्यातला एक लहानसा भाग बनवणे सोडून दिले, किंवा तो कारखानाच बुडाला, किंवा त्या कारखान्याच्या सरकारने ‘देऊ नका’ असे फर्मावले. हे शेवटचेही आपल्या देशाच्या वाट्याला आलेले आहे. आता तो भाग आणायचा कोठून?

तुमसरच्या वाचकाला हा प्रश्न फोड करून सांगावा लागणार नाही. हे धानाचे गाव. धान निघाले की राईस मिलच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोटारीचा स्टार्टर दगा देतो. मोटार ठणठणीत, पट्टा ठीक, चाळण्या ठीक. पण स्टार्टरच्या पेटीतली आगपेटीएवढी कॉइल जळालेली. दुकानदार ती हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, “हे मॉडेल आता येत नाही, साहेब.” झाले! मग एक तर नागपूरला जाऊन जुन्या मालाच्या दुकानांत तशीच पेटी धुंडाळायची. नाहीतर वाइंडिंगवाल्याकडे जाऊन तीच कॉइल पुन्हा गुंडाळून घ्यायची. तिसरी वाट म्हणजे सगळी पेटीच नवी बसवायची. ती सोपी दिसते खरी, पण नव्या पेटीची भोके जुन्या पॅनेलला जुळत नाहीत, तारा पुरत नाहीत, आणि हंगाम काही थांबत नाही. या तीन वाटा लक्षात असू द्या. अणुवीज केंद्रापासून अवकाशयानापर्यंत सगळे जग याच तीन वाटांनी हिंडत आले आहे.

आता थोडे यंत्राच्या स्वभावाविषयी. आपल्या धानबाजारात जसे हमाल असतात आणि दिवाणजी असतात, तसे कोणत्याही यंत्रात दोन तऱ्हेचे भाग असतात. मोटार, दट्ट्या, चाक, पट्टा हे हमाल. ओझे तेच उचलतात, आणि झिजले तरी गावचा लेथवाला त्यांना पुन्हा उभे करू शकतो. दिवाणजी निराळे. दाब किती झाला, उष्णता किती चढली, केव्हा थांबायचे, केव्हा सुरू व्हायचे, हे ते पाहतात. रिले, दाबमापक, विजेच्या झडपा, मापन करणारी उपकरणे ही सगळी मंडळी अंगाने लहान, किमतीनेही पुष्कळदा किरकोळ. पण दिवाणजी आजारी पडला, की शंभर हमाल हात बांधून बसतात. आणि गंमत अशी, की यंत्रातले हमाल साठ वर्षे टिकतात. दिवाणज्यांची पिढी मात्र दहा-पंधरा वर्षांत बदलते. काचेच्या नळ्यांची उपकरणे गेली, ट्रान्झिस्टर आले. ते गेले, चिपा आल्या. वीज केंद्राची इमारत आणि टर्बाइन जागच्या जागी राहिले, आणि त्यांना चालवणाऱ्या उपकरणांचे कारखाने त्यांच्या हयातीत दोन-तीनदा जन्मले आणि मेले.

आपल्या तालुक्याच्या उत्तरेकडे चिकला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. या भागातल्या खनिजाचा शोध घेण्यासाठी १८९६ साली इंग्रजांची एक सिंडिकेट निघाली. तिचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये सरकारी भागीदारी होऊन मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड जन्माला आली. १९७७ मध्ये इंग्रज कंपनीचा उरलेला वाटाही भारत सरकारने घेतला. आज आपण तिला ‘मॉइल’ म्हणतो. इतिहासाच्या वहीत ही मालकी बदलल्याची नोंद चार ओळींत संपते. पण खाणीत माणसे खाली नेणाऱ्या पाळण्याचे यंत्र किंवा पाणी उपसणारा पंप मालकाचे नाव विचारत नाही. तो आपल्या कारखान्याचेच सुटे भाग मागतो. यंत्र हे सासुरवाशिणीसारखे असते म्हणा ना. सासरचे आडनाव बदलले, तरी आजारपणात तिला माहेरचीच आठवण येते. माहेर तुटले, तर काय?

माहेर तुटूनही नांदलेल्या यंत्राचे एक उदाहरण रेल्वेत सापडते. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नील नावाच्या पद्धतीचे गोळ्याचे यंत्र वापरले जाई. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, आणि दोन्ही तारेने जोडलेली. पुढच्या स्टेशनने संमती दिल्याखेरीज यातून पोलादी गोळा बाहेर येत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कोणतेही यंत्र दुसरा देत नाही. ड्रायव्हरच्या हातात कड्याला बांधलेली ती पिशवी ज्यांनी लहानपणी पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. पद्धत विलायतेतली, पण रेल्वेने ती आपल्या सिग्नल कारखान्यांत दुरुस्त करण्याची आणि घडवण्याची सोय केली. पितळेची पट्टी, लोखंडी खटका, तांब्याची कॉइल. सारे काही उघडून पाहता येण्यासारखे आणि हाताने करता येण्यासारखे. त्यामुळे विलायतेतला मूळ कारखाना असला काय आणि नसला काय, गाड्या अडल्या नाहीत.

सगळीच यंत्रे इतकी भोळी नसतात. सुट्या भागांचा हा प्रश्न एकदा गिरणीच्या आवारातून उठून थेट दोन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या मेजावर जाऊन बसला होता, आणि ती कथा आपल्याच महाराष्ट्रातली आहे. तारापूरची.

तारापूर हे समुद्रकाठचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे अणुवीज केंद्र उभारण्यासाठी १९६० साली जगभरातून निविदा मागवण्यात आल्या. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा सहकार्य करार झाला, आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या शाखेशी बांधणीचा करार झाला. हा करार ‘टर्नकी’ पद्धतीचा होता. म्हणजे कंत्राटदाराने पायापासून रंगापर्यंत घर पुरे करायचे आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवायची. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, आणि १९ जानेवारी १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. दोन संच होते, प्रत्येकी सुमारे दोनशे दहा मेगावॅटचे. वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला जाऊ लागली.

किल्ली हातात मिळाली की मालकाला बरे वाटते, हे खरे. पण भिंतीत नळ कोठून गेला आहे, हे त्याला माहीत नसते. याच्या उलट एक नमुना ट्रॉम्बेला होता. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेल्या अप्सरा या छोट्या भट्टीचे इंधन इंग्लंडहून आले होते. तिची नियंत्रणाची उपकरणे मात्र ए. एस. राव यांच्या हाताखालच्या मंडळींनी येथेच जुळवली होती. त्याच मंडळींच्या कामातून १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हा सरकारी कारखाना निघाला. म्हणजे दिवाणजी घडवण्याची विद्या देशात अगदीच नव्हती असे नव्हे. तारापूरला ती वापरायची वेळ आली नव्हती, इतकेच. सगळे दिवाणजी पेटीबंद होऊन परदेशातून आले होते.

वेळ आली ती १८ मे १९७४ नंतर. पोखरणला अणुस्फोट झाला. कॅनडाने राजस्थानातल्या अणुवीज केंद्राला चालवलेली मदत थांबवली. तेथला दुसरा संच अर्धामुर्धा होता. तो भारतीय अभियंत्यांनी पुरा करून १९८१ मध्ये चालू केला. अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला. ज्या देशाने आपली सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुली केलेली नाहीत त्याला अणुसामग्री द्यायची नाही, असा त्याचा मथितार्थ. भारताने ही अट मानली नाही. तारापूरच्या इंधनावरून मग वॉशिंग्टनमध्ये मोठा खल झाला. १९८० साली तेथल्या अणुनियमन आयोगाने परवानगी नाकारली, अध्यक्ष कार्टर यांनी तो निर्णय फिरवला, आणि सेनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोनच मतांच्या फरकाने अडतीस टन युरेनियमची वाट मोकळी झाली. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे अशी तोड निघाली.

या इंधनाच्या भांडणाच्या बातम्या त्या काळी ठळक अक्षरांत छापून येत. सुट्या भागांची बातमी आतल्या पानावर, एखाद्या कोपऱ्यात. पण माझ्या मते इंधनापेक्षा सुटे भाग हीच त्या केंद्राची जास्त अवघड दुखणी होती. विचार करून पहा. इंधन ही एक वस्तू आहे. एका दुकानाने दिली नाही तर दुसरे दुकान गाठता येते. फ्रान्सने दिले, १९९५ मध्ये चीनने दिले, पुढे रशियाने दिले. सुटे भाग मात्र हजारोंच्या संख्येने असतात. प्रत्येकाचा बनवणारा निराळा, मापे निराळी, धातू निराळा. ज्या बड्या कंपनीने केंद्र उभारले तीही यातले कित्येक भाग लहानसहान कारखान्यांकडून घेत असते. त्यातला एखादा कारखाना बंद पडला, तर बड्या कंपनीलाही तो भाग मिळत नाही. तशात वरून सरकारी मनाई!

आणि हे भाग न मिळाल्याने नुसती वीज कमी होत होती, असेही नाही. तारापूरच्या जातीच्या भट्टीत पाणी थेट गाभ्यातच उकळते आणि तीच वाफ टर्बाइनकडे जाते. त्यामुळे वाफेबरोबर थोडा किरणोत्सार नळ्या, झडपा, पंप यांच्यापर्यंत पोचतो. एखादा गॅस्केट किंवा झडपेचे पॅकिंग हलक्या प्रतीचे निघाले, तर तेथे पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागते. दुरुस्तीला माणूस जातो. छातीवर बिल्ला लावून, घड्याळ लावून जातो. ठरलेली मात्रा झाली की बाहेर येतो आणि दुसरा आत जातो. गिरणीत पट्टा सुटला तर मिस्त्रीचे कपडे काळे होतात. येथे चार रुपयांच्या रबरी कड्याचा हिशेब माणसाच्या अंगावर मांडला जातो.

म्हणूनच १९८३ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्झ दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हा विषय निघाला. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी लागणारे भाग दुसऱ्या देशांतून मिळत असतील तर तेथून, आणि कोठेच मिळत नसतील तर अमेरिकेतून मिळण्याची व्यवस्था करू, असे आश्वासन त्यांनी दिले. दुसरे देश म्हणून जर्मनी आणि इटली यांची नावे तेव्हा घेतली जात. हीच नावे का? इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थोडी वंशावळ पाहावी लागते. बव्हेरियातल्या गुंड्रेमिंगेनची पहिली भट्टी १९६६ ची, आणि इटलीतली गारिग्लियानोची भट्टी १९६४ ची. दोन्ही जनरल इलेक्ट्रिकच्याच घराण्यातल्या, तारापूरच्या थोरल्या बहिणी. तारापूरसारखीच दुय्यम वाफ तयार करण्याची जोडव्यवस्था त्यांच्याकडेही होती. आणि १९८३ पर्यंत दोघीही निवृत्त झाल्या होत्या. गुंड्रेमिंगेनची भट्टी जानेवारी १९७७ च्या अपघातानंतर पुन्हा चालू झालीच नाही. गारिग्लियानो १९७८ मध्ये थांबली, आणि १९८२ मध्ये ती कायमची बंद करण्याचे ठरले. जिवंत बहिणीला लागणारी वस्तू कोणाच्या फडताळात सापडण्याची शक्यता असते, हे आपल्या घरांतही आपण पाहतोच.

ती मदत कितीशी झाली, हा वेगळा विषय. तारापूरच्या आणि ट्रॉम्बेच्या अभियंत्यांनी तिच्यावर विसंबून राहायचे नाही असे ठरवले होते, आणि एकेक भाग देशात करून घेण्याचा सपाटा लावला. हे काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपे वाटते. नमुना हातात आहे. मापे घ्या, तसाच घडवा. पण वाचकहो, मापे मायक्रोमीटरने घेता येतात. पोलाद किती तापवून कसे थंड केले, रबरात काय काय मिसळले, स्प्रिंगला किती ताण देऊन ठेवला, हे मायक्रोमीटर सांगत नाही. ते मूळ कारखान्याच्या फोरमनला माहीत असते. आणि तो कधीच पेन्शनीत गेलेला असतो.

एक उदाहरण देतो, म्हणजे बारकावा लक्षात येईल. या घराण्यातल्या भट्ट्यांत साखळी क्रिया आवरणाऱ्या नियंत्रक दांड्या खालून वर शिरतात. वरून सोडल्या असत्या तर त्या आपल्या वजनानेच पडल्या असत्या. येथे ती सोय नाही, म्हणून दाबाखालचे पाणी त्यांना वर ढकलते. त्या पाण्याची वाट अडवणाऱ्या झडपा हवेच्या दाबाने मिटून ठेवलेल्या असतात. ती हवा अडवून धरतात त्याहून लहान झडपा, विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या. वीज गेली, की चुंबक सुटतो, हवा निसटते, मोठी झडप उघडते आणि दांड्या आत जातात. म्हणजे बिघाड झाला तर यंत्राने आपोआप सुरक्षित बाजूला पडावे, अशी रचना. फार सुरेख कल्पना आहे ही. पण चुंबक अहोरात्र चालू राहिला की तो ऊबदार राहतो, आणि त्या उबेत झडपेतला रबरी पडदा वर्षानुवर्षे शिजत राहतो. तो कडक होतो. हवा निसटायला हवी तितक्या चपळाईने निसटत नाही. म्हणून तो पडदा ठरलेल्या मुदतीने बदलायचाच असतो. आता नवा पडदा दिसायला तंतोतंत तसाच, पण मिश्रण निराळे असेल, तर? पहिल्या दिवशी चाचणीत तो उत्तीर्ण होईल. चार वर्षांनी काय करील, हे चार वर्षे उबेत ठेवून पाहिल्याखेरीज, किंवा जास्त उष्णतेत ठेवून म्हातारपण लवकर आणल्याखेरीज, कळायचे नाही. सुट्या भागाची नक्कल एका महिन्यात होते. त्या नकलेवर विश्वास ठेवायला वर्षे लागतात.

काही दुखणी अशी निघाली, की त्यांना नक्कलही उपयोगी पडली नाही. मघा ज्या दुय्यम वाफेच्या जोडव्यवस्थेचा उल्लेख केला, तिच्या नळ्या गळू लागल्या. एवढी अवजड भांडी, तीही किरणोत्साराच्या जागी बसलेली, बदलणे अशक्यप्राय होते. शेवटी ती व्यवस्थाच बाजूला काढून १९८० च्या दशकाच्या मध्यात दोन्ही संच प्रत्येकी १६० मेगावॅटवर आणण्यात आले. पन्नास पन्नास मेगावॅट गमावून केंद्र जगवले. कोणी याला माघार म्हणेल. मला विचाराल तर, वैद्याने एक बोट कापून हात वाचवला, तर आपण वैद्याला नावे ठेवत नाही.

तिसरी वाट, म्हणजे सगळी पेटीच बदलण्याची, तारापूरने सावकाश धरली. दोन्ही संचांची काही व्यवस्था १९६९ च्या पद्धतीप्रमाणे सामाईक होती. त्या काळी ती काटकसर समजली जाई, पुढे तो धोका समजला जाऊ लागला. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या तपासणीनंतर २००५-०६ मध्ये दोन्ही संच काही महिने थांबवून वीजपुरवठ्याची विभागणी केली, संकटकाळासाठी जास्त क्षमतेची नवी डिझेल जनित्रे बसवली, मुख्य नियंत्रण कक्ष निकामी झाला तर उपयोगी पडावा असा पूरक कक्ष उभा केला. छत्तीस वर्षांच्या घरात नव्या तारा ओढायच्या आणि जुन्या भिंतीला धक्का लागू द्यायचा नाही, असे ते काम. २०२० मध्ये दोन्ही संच पुन्हा एकदा मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आले. या खेपेला पाणी फिरवणाऱ्या मोठ्या नळ्याच बदलण्याचे काम हाती घेतले होते. तारापूरबरोबर १९६९ सालीच सुरू झालेली अमेरिकेतली ऑयस्टर क्रीकची भट्टी त्याआधी, २०१८ मध्ये, बंद झाली होती.

आता एखादा वाचक म्हणेल, “हे सगळे गरीब देशाचे आणि बंदी आलेल्या देशाचे हाल. श्रीमंतांना काय कमी?” त्यांनी पुढची गोष्ट ऐकावी. २००२ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की अमेरिकेची अवकाश संस्था नासा जुन्या मालाच्या लिलावांत ‘इंटेल ८०८६’ नावाच्या चिपा शोधत हिंडते आहे. अवकाशयानाच्या अग्निबाणांची तपासणी करणारी उपकरणे या चिपेवर चालत, आणि ती चिप १९७८ ची. चंद्रावर माणूस पाठवलेल्या संस्थेला दवाखान्यांतली टाकाऊ उपकरणे विकत घेऊन त्यांतून चिपा उपसाव्या लागत होत्या! आपला गिरणीवाला नागपूरच्या जुन्या बाजारात करतो तेच. तिच्यावर कोणी बंदी घातली नव्हती. बाजार पुढे निघून गेला होता, एवढेच.

ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते. तारापूरच्याच आवारात ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच २००५ आणि २००६ मध्ये उभे राहिले. त्यांचा आराखडा आणि बांधणी आपली. नळ कोठून गेला आहे, हे येथे मालकाला ठाऊक आहे, आणि १९७४ च्या अनुभवानंतर हे फार मोठे अंतर आपण चाललो, हे कबूल केले पाहिजे. पण संगणकावर चालणाऱ्या कोणत्याही नियंत्रण व्यवस्थेतली चिप बहुतेक जगाच्या बाजारातून येते, आणि तो बाजार दूरध्वनी आणि खेळणी यांच्या मागणीवर चालतो. वीज केंद्राची मागणी त्याच्या खिजगणतीतही नसते. म्हणून शहाणे लोक भाग बंद होण्याची सूचना मिळताच पुढच्या वीस वर्षांचा साठा एकदम घेऊन ठेवतात. पण साठवायलाही अक्कल लागते. रबर कपाटात पडूनही म्हातारे होते. काही कंडेन्सर वापराविना सुकतात. दमट हवेत रिलेच्या टोकांवर बुरशी आणि गंज चढतो. आणि जुन्या मालाला किंमत आली, की जुन्या चिपेवरचे अक्षर खरवडून नवे छापणारेही निघतात. खरा भाग आणि रंगवलेला भाग यांतला फरक ओळखण्यासाठी आता क्ष-किरणांनी तपासणी करावी लागते.

तुमसरजवळ माणेकनगरला फेरो मँगनीजचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षे झाली. असा कोणताही कारखाना बंद पडतो तेव्हा पेपरात कामगारांच्या देण्याची बातमी येते, आणि यायलाच पाहिजे. पण त्याबरोबर नियंत्रण कक्षातली पॅनेलेही भंगारात निघतात. भंगारवाला ती किलोवर घेतो, कारण त्याला आतले तांबे हवे असते. त्याच जातीच्या विजेच्या भट्ट्या देशात इतरत्र चालू असतात, आणि तेथला फिटर त्याच पॅनेलमधला एक रिले गावोगाव शोधत असतो. या दोघांची गाठ पडण्याची काही व्यवस्था आपल्याकडे फारशी नाही. परदेशांत बंद कारखान्यांचे असे भाग काढून, तपासून, यादी करून विकणे हा एक रीतसर धंदा झाला आहे. आपल्याकडे तो ओळखीपाळखीवर चालतो.

दुसरी एक वस्तू त्याहून सहज नाहीशी होते, ती म्हणजे कागद. जोडणीचे नकाशे, चाचणीच्या नोंदी, “अमुक झडप घट्ट केली तर तमुक ठिकाणी गळते” असे फिटरने पेन्सिलीने लिहिलेले टिपण. माझ्या विद्यार्थ्यांना मी जुने दप्तर पाहायला सांगतो तेव्हा त्यांच्या मनात पेशव्यांचे दप्तर असते. मी त्यांना वाइंडिंगवाल्याच्या दुकानात जायला सांगतो. तो जळालेली कॉइल उलगडताना तारेचा गेज मोजतो, वेढे मोजतो, आणि तेलकट वहीत मांडतो: कोणाच्या गिरणीची, किती घोड्यांची मोटार, कोणत्या गेजची तार, किती वेढे. मूळ कंपनीने ते आकडे कधी छापले नव्हते, आणि आता कंपनीही नाही. गावातल्या निम्म्या जुन्या मोटारी त्या वहीवर चालतात. वहीला पुठ्ठा नसतो, आणि पहिली काही पाने बहुधा गेलेली असतात.